होळकरांची ड्यूसेनबर्ग

रात्री मेस बंद झाल्यावर हॉस्टेलवर ज्या विषयांवर गप्पा रंगतात, त्यांत गाड्यांचा नंबर बराच वरचा. कुणाची बाईक सिग्नल सुटल्यावर सगळ्यांच्या पुढे जाते, कुणाच्या मामाच्या गाडीत टर्बो आहे, कुणी सायलेन्सर बदलून घेतला... बोलता बोलता दोन वाजतात आणि सबमिशन तसंच राहतं! या गप्पांत हमखास निघणारा विषय म्हणजे ड्रॅग रेस. सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे साधारण ४०२ मीटर अंतर, शेजारी शेजारी दोन गाड्या आणि दिवा हिरवा झाला की सुसाट! वळण नाही, डावपेच नाहीत. प्रश्न एकच : इंजिनाची ताकद चाकापर्यंत किती लवकर पोचते?

हा खेळ जन्मला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या आटलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर. तिथली पोरं जुन्या गाड्यांचे पत्रे उतरवून, इंजिनात खटपटी करून त्या पळवायची. त्याच काळात युटा राज्यातल्या बॉनव्हिल इथे मिठाचं एक अफाट सपाट मैदान वेगाच्या विक्रमांसाठी गाजू लागलं होतं. १९३५ साली तिथे एब जेंकिन्स नावाच्या माणसाने एक गाडी (साथीदाराबरोबर पाळीपाळीने) २४ तास पळवली. सरासरी वेग ताशी २१८ किलोमीटर! म्हणजे एका दिवसात ५२०० किलोमीटरहून जास्त. त्या गाडीला पुढे मॉर्मन मीटिअर हे नाव पडलं. तिची कंपनी होती ड्यूसेनबर्ग. ती गाडी आजही आहे. मधल्या काळात तिच्यात चक्क विमानाचं इंजिन बसवलं होतं, पुढे ती रस्त्यावरसुद्धा चालली, आणि शेवटी तिला पुन्हा १९३५ सालचं रूप देण्यात आलं. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात तिला सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, युटाच्या मिठाशी आपला काय संबंध? संबंध आहे! त्याच सुमारास, त्याच कंपनीची, त्याच जातीच्या सुपरचार्जर इंजिनाची एक चासी एका मराठी माणसाने मागवली होती. ती गाडीसुद्धा आजपर्यंत जपलेली आहे. जगातल्या सुंदर गाड्यांच्या याद्यांमध्ये तिचं नाव येतं. त्या माणसाचं नाव इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे. गाडीची गोष्ट सांगायची तर आधी माणसाची सांगायला हवी.

सतराव्या वर्षी गादी

होळकर म्हटलं की आपल्याला सुभेदार मल्हारराव आठवतात, अहिल्याबाई आठवतात. इतिहास आवडणाऱ्यांना पहिले यशवंतराव आठवतात, ज्यांनी १८०२ मध्ये पुण्याजवळ हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेला हरवलं. घराणं मूळचं नीरेकाठच्या होळ गावचं, म्हणून होळकर. माळव्यात जाऊन दोनशे वर्षं झाली तरी घरची भाषा मराठी आणि सोयरिकी महाराष्ट्रातल्या, असं हे संस्थान.

दुसरे यशवंतराव जन्मले ६ सप्टेंबर १९०८ रोजी. वडील तुकोजीराव होळकर, तिसरे. मुलाला शिकायला इंग्लंडला पाठवलं. आधी चीम, मग चार्टरहाउस, नंतर ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च कॉलेज. १९२४ साली, म्हणजे आपण दहावीत असतो त्या वयात, कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताबाईंशी लग्नही झालं.

आणि १९२५ च्या जानेवारीत मुंबईत एक घटना घडली, जिने या मुलाचं आयुष्य बदलून टाकलं. मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा रस्त्यात खून झाला. त्यांच्याबरोबर गाडीत मुमताज बेगम होती, जी पूर्वी इंदूरच्या दरबारात होती आणि तिथून निघून आली होती. तिला पळवून नेण्यासाठी हा हल्ला होता. योगायोगाने त्याच रस्त्याने काही ब्रिटिश लष्करी अधिकारी चालले होते. ते मध्ये पडले, म्हणून मुमताज वाचली आणि हल्लेखोर पकडले गेले. धागेदोरे इंदूरपर्यंत पोचले. सारा देश या खटल्याच्या बातम्या वाचत होता. ब्रिटिश सरकारने तुकोजीरावांपुढे दोनच मार्ग ठेवले, चौकशीला सामोरे जा नाहीतर गादी सोडा. त्यांनी १९२६ च्या फेब्रुवारीत गादी सोडली.

मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. ज्या वयात आपण सीईटीच्या मार्कांनी हैराण असतो, त्या वयात याच्या डोक्यावर एक संस्थान आलं, आणि तेसुद्धा वडिलांची बदनामी सोबत घेऊन. राज्यकारभार काही वर्षं मंत्रिमंडळाने पाहिला. पूर्ण अधिकार मिळाले ते १९३० च्या मे महिन्यात.

मला वाटतं, पुढच्या सगळ्या गोष्टींची किल्ली इथे आहे. जुन्या दरबाराची जी पद्धत होती, तिच्यामुळे वडिलांची गादी गेली होती. या मुलाला जुनं काहीच नको होतं. त्याला सगळं नवं हवं होतं. नवं घर, नव्या खुर्च्या, नवी चित्रं, नवी गाडी.

पंचविशीतला आर्किटेक्ट

ऑक्सफर्डच्या दिवसांत यशवंतरावांची ओळख एका जर्मन तरुणाशी झाली. नाव एकार्ट मुटेझियुस, जन्म १९०४ चा. वडील नामवंत आर्किटेक्ट, पण स्वतःच्या नावावर मोठं काम असं काही नाही. दोघांचं जमलं. आणि महाराजांनी इंदूरचा नवा राजवाडा, माणिकबाग, या पंचविशीतल्या पोराच्या हातात दिला!

विचार करा. दुसरा कुठला संस्थानिक असता तर लंडनच्या एखाद्या नावाजलेल्या फर्मला बोलावलं असतं, घुमट आले असते, संगमरवरी सिंह आले असते. माणिकबागेत यातलं काहीच नाही. बाहेरून साधी, सरळ रेषांची इमारत. आत काच, क्रोमियम, ॲल्युमिनियम. १९३० ते १९३३ या काळात हे काम झालं. बरंचसं सामान युरोपात बनवून जहाजाने आणलं आणि इथे जोडलं. माळव्याचा उन्हाळा लक्षात घेऊन एअर कंडिशनिंगची सोय केली, तेही अशा काळात जेव्हा आपल्याकडे बहुतेकांनी तो शब्दसुद्धा ऐकला नव्हता.

खुर्च्या-टेबलं कुणाची होती? आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए, रुलमन. आज आर्किटेक्चरच्या मुलांना ही नावं पाठ करावी लागतात. मुटेझियुसने राजवाड्याशिवाय महाराजांसाठी रेल्वेचा सलून डबा, कॅराव्हॅन आणि विमानाची आतली रचनाही केली. पॅरिसमध्ये राहणारा रुमानियन शिल्पकार ब्रांकुशी याची पक्ष्याची तीन शिल्पं महाराजांनी घेतली, एक ब्राँझचं, एक काळ्या संगमरवराचं आणि एक पांढऱ्या. खरं तर त्यांना पक्षी म्हणणंही कठीण, कारण पंख नाहीत, चोच नाही, फक्त वर झेपावणारी एक लांब रेषा. ती ठेवण्यासाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचा बेत होता. त्याबद्दल पुढे सांगते.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. हा माणूस श्रीमंत होता म्हणून त्याने महाग वस्तू घेतल्या, एवढं म्हणून भागत नाही. महाग वस्तू सगळेच राजे घेत होते. याने वस्तू घेताना ती कशी बनली आहे, तिची रेषा का अशी आहे, हे पाहिलं. आणि ज्याच्यावर अजून कुणाचा विश्वास नव्हता अशा तरुण माणसांवर विश्वास टाकला.

इंजिनाची गोष्ट

आता गाडीकडे येऊ. मेकॅनिकलवाल्यांनी जरा सरसावून बसावं, बाकीच्यांनी दोन परिच्छेद सहन करावेत!

ड्यूसेनबर्ग बंधूंपैकी थोरला फ्रेड. जन्म १८७६, जर्मनीत. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आयोवा राज्यात गेलं. इंजिनिअरिंगची डिग्री नाही. सुरुवात सायकलींपासून. स्वतः सायकली बनवायचा आणि स्वतःच शर्यतीत पळवायचा. मग धाकटा भाऊ ऑगस्ट याच्याबरोबर शर्यतीच्या मोटारी बनवू लागला. १९२१ मध्ये त्यांच्या गाडीने फ्रान्सची ग्राँ प्री जिंकली. १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली गाडी बाजारात आणणारेही हेच पहिले. पण धंद्याचं गणित कच्चं. शेवटी १९२६ साली एरेट कॉर्ड या उद्योगपतीने कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला सांगितलं की जगातली सगळ्यात भारी गाडी बनव, खर्चाची काळजी करू नकोस.

ती गाडी म्हणजे मॉडेल जे, १९२८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला दाखवली. एका रांगेत आठ सिलिंडर. बोअर पावणेचार इंच, स्ट्रोक पावणेपाच इंच. कॅल्क्युलेटर काढा, ४२० घनइंच येतात, म्हणजे जवळपास ६.९ लिटर. वर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. आपल्याकडच्या गाड्यांच्या जाहिरातींत हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत झळकले ते नव्वदच्या दशकात आणि नंतर. यांनी ते १९२८ मध्ये केलं होतं. ताकद कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २६५ हॉर्सपॉवर. १९३२ मध्ये त्याला सुपरचार्जर जोडला आणि आकडा ३२० वर गेला. हे मॉडेल एसजे. सुपरचार्जर सेंट्रिफ्युगल जातीचा, त्याचा पंखा क्रँकशाफ्टच्या पाच-सहा पट वेगाने फिरायचा आणि सिलिंडरमध्ये हवा कोंबायचा. बॉनेटखाली जागा अपुरी पडू लागली, म्हणून एक्झॉस्टचे जाडजूड चकचकीत पाइप बाजूने बाहेर काढले. ते पाइप पुढे स्टाइल म्हणून जगभर कॉपी झाले, पण मुळात तो जागेचा प्रश्न होता. चांगलं डिझाइन बऱ्याचदा असंच जन्माला येतं.

डॅशबोर्डवर दिवे होते. ७०० मैल झाले की ऑइल बदला असं एक दिवा सांगायचा, १४०० मैल झाले की बॅटरी तपासा असं दुसरा. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. सगळं गिअरच्या एका छोट्या पेटीवर! आणि चासीला ठरावीक अंतरानंतर आपोआप वंगण मिळायचं.

फ्रेडच्या नशिबात मात्र हे यश पाहणं नव्हतं. एसजे बाजारात आली त्याच १९३२ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका घाटरस्त्यावर त्याच्या स्वतःच्या गाडीला अपघात झाला. तो बरा होतोय असं वाटत असतानाच न्यूमोनियाने गेला. वय ५५. पुढचं काम ऑगस्टने सांभाळलं. मॉर्मन मीटिअर उभी करणारा हाच तो धाकटा भाऊ.

कंपनी फक्त चासी आणि इंजिन विकायची. त्याचीच किंमत सुरुवातीला ८५०० डॉलर, जेव्हा फोर्डची अख्खी गाडी ५०० डॉलरच्या आसपास मिळत होती. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. यशवंतरावांनी एसजेची चासी घेतली आणि ती लंडनच्या गर्नी नटिंग या कोचबिल्डरकडे गेली. तिथे तिच्यावर जी बॉडी चढली, ती एकदा फोटोत पाहिली की विसरता येत नाही. एवढी लांब गाडी आणि बसायला मुख्य जागा फक्त दोघांची! लांबलचक बॉनेट, मागे निमुळती होत जाणारी शेपटी, लाटेसारखे मडगार्ड. रंग केशरी आणि काळा. पुढच्या बाजूला लाल आणि निळे दिवे, गाडीत कोण आहे ते पहाऱ्यावरच्या शिपायांना लांबूनच कळावं म्हणून.

माणिकबाग आणि ही गाडी शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर एकाच डोळ्याने निवडलेल्या आहेत हे कळतं. नक्षी नाही. जे सौंदर्य आहे ते रेषेचं आहे. ब्रांकुशीच्या पक्ष्याला चाकं लावली असती तर तो असाच दिसला असता, असं मला वाटतं.

उतरती वर्षं

पण वेग कायम टिकत नाही. १९३७ साली संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. दोघं युरोपात बरोबर हिंडलेली, माणिकबाग दोघांनी मिळून सजवलेली. त्याच वर्षी अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनी बंद पडली. मंदीच्या काळात एवढ्या महागड्या गाड्या घेणार कोण? सगळ्या मिळून मॉडेल जे बनल्या सुमारे ४८०. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी ध्यानमंदिरासाठी इंदूरला आला, पण महाराजांशी काही जमलं नाही आणि मंदिराचा बेत तिथेच संपला. पंखांशिवायचे पक्षी घराविना राहिले.

पुढे महाराजांची दोन लग्नं अमेरिकन स्त्रियांशी झाली. त्यांचा बराच काळ परदेशात जायचा, तब्येतही साथ देत नव्हती. संस्थानचं काय, असा प्रश्न प्रजेने विचारला तर तो रास्तच होता. १९३० च्या दशकात गावोगावचा शेतकरी मंदीत भरडला जात असताना राजाच्या दारात केशरी-काळी गाडी उभी होती, हे विसरून चालणार नाही. तो पैसा शेवटी माळव्याच्या शेतसाऱ्यातूनच आला होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. याच काळात इंदूरला पाणी पुरवण्यासाठी गंभीर नदीवर यशवंतसागर धरण झालं. होळकरांची क्रिकेट टीम तर दंतकथाच! कॅप्टन सी. के. नायडू, सोबत मुश्ताक अली, चंदू सरवटे. १९४५ मध्ये रणजीच्या फायनलला ब्रेबॉर्नवर आपल्या मुंबईशी गाठ पडली, तेव्हा होळकरांकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला आणि नाबाद २४९ काढले. मॅच मुंबईने जिंकली, पण पुढच्याच वर्षी होळकर टीमने रणजी नेली, आणि १९५३ पर्यंत एकूण चार वेळा.

१९४२ मध्ये यशवंतरावांनी एक धाडस केलं. भारताचा प्रश्न सोडवायला मध्यस्थी करा, असं खुलं पत्र त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना, रूझवेल्टना लिहिलं. ब्रिटिशांच्या मर्जीवर ज्याची गादी होती, ज्याच्या वडिलांना त्याच ब्रिटिशांनी खाली उतरवलं होतं, त्याने हे करणं साधी गोष्ट नव्हती. मात्र १९४७ मध्ये भारतात सामील होताना त्यांनी आढेवेढे घेतले, हेही खरं. १९४८ मध्ये इंदूर मध्य भारत राज्यात विलीन झालं. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख झाले आणि होळकर उपराजप्रमुख. १९५६ ला मध्य प्रदेश बनला आणि तेही पद गेलं. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतराव वारले. वय फक्त ५३. ज्या शहरातल्या एका खुनामुळे त्यांना लवकर गादी मिळाली, त्याच शहरात शेवट झाला.

जपलं कुणी?

आता हिशेब करू. ब्रांकुशीचे दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात विकलं गेलं आणि जगभर पांगलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या म्युझियमने ते पुन्हा गोळा करून फक्त यशवंतरावांवर प्रदर्शन भरवलं. माणिकबागेच्या इमारतीत केंद्र सरकारच्या करखात्याचं ऑफिस आलं. आणि ड्यूसेनबर्ग अमेरिकेत, संग्राहकांच्या देखभालीत, चालू स्थितीत. इथून बाहेर गेल्या त्या जुन्या गाड्या इतक्या की पुढे सरकारला त्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणावे लागले.

मॉडेल जे बनल्या सुमारे ४८०, आणि त्यांतल्या बहुतेक आजही शिल्लक आहेत. याची तुलना आपल्या घरच्या गाडीशी करा. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतीने १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फिएट आणि मग प्रीमिअर पद्मिनी बनली. पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी! २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिची टॅक्सी म्हणून मुदत संपली आणि ती रस्त्यावरून गेली. लोक हळहळले, फोटो काढले. गाड्या कुठे गेल्या?

सांताक्रूझला राहणाऱ्यांना याचं उत्तर माहीत असतं. कालिन्याहून कुर्ल्याकडे जाणारा सी.एस.टी. रोड. दोन्ही बाजूंना दरवाजे, बंपर, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांचे ढीग. गाडी आली की काही तासांत तिचे सुटे भाग होतात. मी या रस्त्याला नावं ठेवत नाही. उलट आपल्या प्रोजेक्टसाठी कमी पैशांत डिफरन्शिअल मिळवायचा तर तिथेच जावं लागतं, आणि तिथल्या मिस्त्रींना जे कळतं ते आपल्या टेक्स्टबुकात नाही. पण गंमत बघा, हे सी.एस.टी. म्हणजे स्टेशन नव्हे. सेंट्रल सालसेट ट्रामवे नावाची एक रेल्वे १९२८ ते १९३४ या काळात ट्रॉम्बे, कुर्ला, अंधेरी या बाजूला होती, तिचं हे नाव. रेल्वे गेली, रूळ गेले, राहिली फक्त तीन अक्षरं, आणि त्यांचाही अर्थ बहुतेकांना ठाऊक नाही.

म्हणजे आपण यंत्रं जपत नाही. मूर्ती जपतो, किल्ल्यांसाठी निदान आंदोलन करतो. यंत्र मात्र जुनं झालं की भंगार. बॉनव्हिलवर विक्रम करणारी गाडी अमेरिकेने परत १९३५ च्या रूपात आणली, कारण त्यांना तो आपला इतिहास वाटतो. कोणत्या धातूचा पिस्टन, कसली लाकडी फ्रेम, कुठला रंग, हे शोधायला माणसं वर्षं घालवतात. ते काम म्हणजे निव्वळ श्रीमंतांचा छंद नाही. जुनं यंत्र उघडलं की ते बनवणाऱ्याने विचार कसा केला हे कळतं. फ्रेड ड्यूसेनबर्गने पुस्तक लिहिलं नाही. त्याचं म्हणणं त्या गिअरच्या पेटीत आहे.

पण मला या हिशेबाची दुसरी बाजूही दिसते. यशवंतरावांचं नाव आज इंदूरमध्ये कुणाच्या तोंडी येतं? गाडीमुळे नव्हे, पक्ष्यांमुळे तर नाहीच. ते येतं एम. वाय. हॉस्पिटलमुळे. महाराजा यशवंतराव हॉस्पिटल, माळव्यातल्या गोरगरिबांचं मोठं सरकारी इस्पितळ. तिथे नंबर लावून बसलेल्या माणसाला आर्ट डेको म्हणजे काय ते माहीत नसेल, पण एम. वाय. म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. आणि यशवंतसागरचं पाणी नळाला येतं तेव्हा कुणी ते काचेच्या कपाटात ठेवत नाही.

एक वस्तू जपली गेली कारण ती अप्रतिम होती. दुसरी टिकली कारण ती रोज लागते. यांतलं मोठं कोणतं? मला विचाराल तर दोन्हीची गरज आहे, आणि दोन्ही करायला शेवटी इंजिनिअरच लागतो. फरक एवढाच की पहिलीसाठी यशवंतरावांना सगळं बाहेरून मागवावं लागलं. चासी अमेरिकेची, बॉडी लंडनची, आर्किटेक्ट बर्लिनचा. निवड त्यांची होती, हात दुसऱ्यांचे होते. त्या काळी इंदुरात किंवा मुंबईत तसं सुपरचार्जर इंजिन बनवणारा कारखाना नव्हता. आज पुण्यात, चाकणला, चेन्नईला सगळं बनतं. आता नाही म्हणायला निमित्त नाही.

म्हणून शेवटी एवढंच. फायनल इयरचं प्रोजेक्ट सबमिट झालं की डिपार्टमेंटच्या मागच्या शेडमध्ये ते पडतं आणि पुढच्या बॅचला जागा हवी म्हणून उचललं जातं. या वर्षी निदान एक यंत्र तरी ठेवू या. त्याच्यावर नीट पाटी लावू या : काय आहे, कुणी बनवलं, कोणत्या साली, कुठे अडलं आणि ते कसं सुटलं. त्याला ग्रीस लागू दे, महिन्यातून एकदा ते चालू दे. पंचविशीतल्या मुटेझियुसला राजवाडा मिळाला होता. आपल्याला शेडचा एक कोपरा मिळाला तरी पुष्कळ आहे!